नव्ह शापेल: मेरठ डिव्हिजनच्या मोर्च्यांच्या वाटेने

पहिल्या महायुद्धात लढलेल्या भारतीय सैनिकांचं उत्तर फ्रान्समधलं नव्ह शापेलचं स्मारक बरेच जण गाडीतून उतरून, फोटो काढून पंधरा मिनिटांत उरकतात. कृपा करून असं करू नका. निदान अर्धा दिवस ठेवा आणि शेतांमधून चाला.

लीलहून बेथ्यूनकडे जाणाऱ्या लोकल गाडीने ला बासेला उतरायचं. तिथून एस्तेरच्या रस्त्याने काही किलोमीटरवर स्मारक आहे. आम्ही भाड्याच्या सायकली नेल्या होत्या. सगळा मुलूख सपाट, पण वारा बोचरा. स्मारकापाशी खाण्यापिण्याची सोय नाही, डबा आणि पाणी सोबत घ्या. पाऊस झाला असेल तर शेतवाटांसाठी गमबूटच हवेत.

या चिखलातच इथल्या लढाईचं वेगळेपण आहे. हातभर खणलं की पाणी लागतं, म्हणून खोल खंदकांऐवजी माती आणि वाळूची पोती रचून छातीएवढ्या भिंती उभारायच्या आणि त्यांच्या आडोशाने राहायचं. ऑक्टोबर १९१४ मध्ये मार्सेलला उतरलेल्या, ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेच्या मेरठ डिव्हिजनने युरोपातला पहिला हिवाळा असा काढला.

स्मारक ज्या चौकात आहे, त्याला ब्रिटिश सैनिक ‘पोर्ट आर्थर’ म्हणत. १० मार्च १९१५ रोजी सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, ३५ मिनिटं मारा चालला आणि आठ वाजून पाच मिनिटांनी मेरठ डिव्हिजनची गढवाल ब्रिगेड पुढे निघाली. चौकालगतची ३९ व्या गढवाल रायफल्सची पहिली पलटण उजवीकडे सरकली आणि तोफांचा मारा न लागलेल्या, काटेरी तारा शाबूत असलेल्या जर्मन खंदकावर जाऊन आदळली. दुसऱ्या पलटणीचा रायफलमन गबर सिंग नेगी शत्रूच्या खंदकात घुसून लढला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नव्ह शापेल गाव सकाळीच हाती आलं. पुढे हुकूम पोहोचायला तास न् तास गेले, तोवर जर्मन सावरले. चौकातून पूर्वेला दिसणारं रान म्हणजे ब्वा दू बिए. संध्याकाळी देहरादून ब्रिगेड त्याच्या कडेपर्यंत पोहोचली आणि रात्री तिला मागे यावं लागलं. तिथवर चालत जा. एवढ्याशा अंतरासाठी तीन दिवसांत भारतीय कोअरचे (मेरठ आणि लाहोर या दोन डिव्हिजन मिळून झालेल्या फौजेचे) सुमारे ४,२०० जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले, हे पायांना कळतं तसं कागदावर कळत नाही.

मग स्मारकात या. हर्बर्ट बेकरने आखलेली ही वर्तुळाकार वास्तू १९२७ मध्ये खुली झाली. भिंतींवर ४,७०० हून अधिक नावं आहेत, पण ती पलटणीनुसार कोरलेली. म्हणून कुणाचं नाव शोधायचं असेल तर पलटण आधी शोधून जा. कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर ती सापडते. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी थर्ड सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांची नावं जरूर पाहावीत. हे खडकीचे, आजच्या बॉम्बे सॅपर्सचे पूर्वज. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनमध्ये होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांना ४७ व्या शिखांबरोबर याच गावावर पायदळासारखं चढवलं गेलं. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी कसबी माणसं अशी खर्ची घातली, याचा मला आजही राग येतो.

चौकातच पोर्तुगीज सैनिकांचं स्मशान आहे, तेही पाहा. आणखी एक दिवस असेल तर बेल्जियममधलं ईप्र गाठा. एप्रिल १९१५ मध्ये लाहोर डिव्हिजन तिथे विषारी वायूत लढली. मेनिन गेटवर रोज रात्री आठला बिगुल वाजतो, त्यामुळे मुक्काम तिथेच करा.