गिझर अर्धा, मोटर सव्वापट: थ्री-फेज एनर्जी मॉनिटरचा माझा अनुभव

अमळनेरला आमच्या घरी थ्री-फेज मीटर आहे. दोन एसी, कूलर, बोअरची मोटर, गिझर असा सगळा लोड. खान्देशातला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना हे जास्त वाटणार नाही. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. महिना संपायच्या आत आपण कुठे पोचलोय ते कळावं म्हणून डीबीत (घरातल्या वीजजोडण्यांच्या पेटीत) एनर्जी मॉनिटर बसवून घेतला. तीन फेजच्या तारांवर तीन सीटी क्लॅम्प (तारेभोवती बसणारे, करंट मोजणारे चिमटे), व्होल्टेजसाठी तीन तारा, आणि मोबाइलवर आकडे.

अप्पा रोज सकाळी मीटरचं रीडिंग वहीत लिहितात. त्या वहीशी अ‍ॅपचा मेळ बसेना. फरक एकसारखा असता तर गोष्ट वेगळी होती. थंडीत गिझर चालायचा तेव्हा अ‍ॅप मीटरपेक्षा कमी दाखवायचं, आणि टाकी भरायला मोटर बराच वेळ चालली की उलट जास्त. आजूबाजूचे म्हणाले, मीटर पळतंय, तपासणीचा अर्ज टाकून द्या. ज्या मुलाने मॉनिटर बसवला होता तो फोनवर म्हणाला, "दादा, अ‍ॅपमध्ये करेक्शन फॅक्टर टाका, जुळून जाईल."

हा सल्ला मला अजिबात पटला नाही, आजही पटत नाही. जी चूक कधी वजा होते आणि कधी अधिक, तिला एकाच आकड्याने गुणून काय होणार? एखादा महिना योगायोगाने जुळेल, आणि खरा दोष आत तसाच राहील.

म्हणून एकूण बेरीज बघणं सोडलं आणि एकेक फेज तपासायचं ठरवलं. सगळे एमसीबी बंद केले, फक्त गिझरचा चालू ठेवला. गिझर यासाठी की तो शुद्ध हीटिंगचा लोड, त्याचा पॉवर फॅक्टर (करंट आणि व्होल्टेज किती जुळून चालतात त्याचं माप) १ असतो. मग मीटरवरचा लाल दिवा मोजला. आमच्या मीटरवर १६०० इम्पल्स म्हणजे एक युनिट असं छापलंय. एक युनिट म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद. त्याला १६०० ने भागलं की २२५० येतात, आणि २२५० ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. दहा लुकलुकींना १३ सेकंद लागले, म्हणजे एकीला १.३. हिशेब १७३० वॅटचा. गिझर २००० वॅटचा असला तरी त्या वेळी व्होल्टेज २१५ च्या आसपास होतं, त्यामुळे आकडा बरोबर बसत होता. अ‍ॅप मात्र ८६५ दाखवत होतं. नेमकं अर्धं! आणि शेजारी पॉवर फॅक्टर ०.५०.

तिथेच माझी खात्री पटली की मीटर निर्दोष आहे. गिझरचा पॉवर फॅक्टर ०.५ असूच शकत नाही. मग एकट्या मोटरवर तोच प्रयोग केला. दिव्यावरून हजाराच्या आसपास वॅट, अ‍ॅपवर साडेबाराशेला टेकलेले.

ओळखीच्या जुन्या वायरमनला बोलावलं. त्यांनी आकडे ऐकले, डीबी उघडली आणि म्हणाले, "भाऊ, मशीन खराब नही शे." त्यांनी क्लॅम्पला हातच लावला नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. एक टोक वाय फेजचा क्लॅम्प ज्या तारेवर होता तिच्या टर्मिनलला, दुसरं मॉनिटरच्या वाय व्होल्टेज टर्मिनलला. दोन्ही एकाच फेजची असती तर जवळपास शून्य यायला हवं. आलं ४०० च्या घरात. बी फेजवरही तेच. आर मात्र शून्य.

वाय आणि बीच्या व्होल्टेजच्या तारा आपसात बदलल्या होत्या. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल-पिवळ्या-निळ्याचा नियम मधेच कुठेतरी सुटलाय, त्यामुळे नुसत्या रंगावर गेलं की असं होतं. मॉनिटर प्रत्येक क्षणी करंटला त्याच फेजच्या व्होल्टेजने गुणतो. फेज दुसरी मिळाली की मध्ये १२० अंशांचा फरक पडतो. हीटिंगच्या लोडला त्याचा कोसाइन उणे ०.५, म्हणजे अर्धा आकडा आणि तोही उणे. आमची मोटर बी फेजवर आहे. तिचा करंट आधीच मागे रेंगाळतो, त्यामुळे तिचा कोन आणखी वाढून आकडा खऱ्यापेक्षाही मोठा होतो. हीच मोटर वाय फेजवर असती तर कोन उलट्या बाजूने घटला असता आणि आकडा खऱ्यापेक्षा खूपच लहान दिसला असता.

आणि उणे आकडे आम्हाला कधी दिसले का नाहीत? कारण बसवणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी ते पाहून दोन्ही क्लॅम्प उलटे फिरवले होते. उणेचं अधिक झालं, खोटं मात्र तसंच राहिलं. घरावर सोलर नसताना एखादी फेज उणे दिसली तर क्लॅम्प फिरवण्याआधी फेजची जोडी तपासून घ्या, एवढं मी आग्रहाने सांगेन.

वायरमनने दोन तारा बदलल्या, दोन्ही क्लॅम्प सरळ केले. हे काम त्यांच्यासारख्याकडूनच करून घ्यावं, कारण मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंतच असते. शिवाय सीटीची पिन काढायची तर क्लॅम्प आधी तारेवरून उतरवायचा.

एवढं करूनही आर फेजचा क्लॅम्प मीटरपेक्षा थोडं कमी दाखवत होता. क्लॅम्प उघडून पाहिला तर जबड्यात इन्सुलेशन टेपचा केसाएवढा धागा अडकलेला, आणि कडांवर आमच्याकडची ती बारीक धूळ. एवढ्याशा फटीनेही सीटी कमी मोजतो. कोरड्या कापडाने दोन्ही कडा पुसल्या, टक् आवाज येईपर्यंत दाबला, फरक गेला.

आता वही आणि अ‍ॅप यांच्यात किरकोळ तफावत राहते, ती चालण्यासारखी आहे. खरे आकडे आल्यावर एक गोष्ट दिसली: दोन्ही एसी वाय फेजवरच आहेत, आणि दुपारी ते एकदम चालले की त्या फेजचं व्होल्टेज खाली जातं. मीटर तिन्ही फेजची बेरीज करतं, त्यामुळे एसी हलवून बिल कमी होणार नाही. पण कॉम्प्रेसरला व्होल्टेज नीट मिळेल, म्हणून एक एसी आरवर टाकायला सांगितलंय.