पेशींची वंशावळ

सरकारी जैववैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञान हस्तांतरणाचे काम करताना माझ्या टेबलावर पेटंटांपेक्षा पेशी, प्लाझ्मिड (जनुके वाहून नेणारी डीएनएची छोटी कडी), प्रतिपिंडे (अँटिबॉडी) अशा साहित्याच्या मागण्याच जास्त येतात. या साहित्याचे बहुधा पेटंट नसते. कुपी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती सगळे असते. म्हणून ती कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे करारात फार काटेकोरपणे लिहावे लागते.

मागे एका लहान कंपनीने निदान-किटसाठी आमच्याकडचा एक हायब्रिडोमा मागितला. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि अखंड वाढत राहणारी मायलोमाची कर्कपेशी यांच्या संयोगातून हायब्रिडोमा तयार होतो आणि तो एकाच प्रकारचे प्रतिपिंड देत राहतो. रॉयल्टीचा दर ठरला, मसुदा मंजूर झाला, आणि सहीच्या दिवशी सकाळी जोडपत्रासाठी पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) व मायकोप्लाझ्मा या पेशींना दूषित करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूच्या तपासणीचा अहवाल घ्यायला मी प्रयोगशाळेत गेले. तंत्रज्ञ बाईंनी द्रव नायट्रोजनच्या टाकीची जुनी वही काढली. क्लोनचा क्रमांक, गोठवल्याची तारीख, कांडीचा रंग, आणि शेवटच्या रकान्यात मूळ मायलोमा कुठून आला त्याची नोंद : परदेशातील एक पेशीसंग्रह. त्या संग्रहाशी झालेला साहित्य हस्तांतरणाचा करार दुपारपर्यंत सापडला. मूळ पेशी आणि त्यांपासून तयार केलेल्या पेशी केवळ संशोधनासाठी वापराव्यात, व्यावसायिक वापरासाठी लेखी पूर्वपरवानगी घ्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

सही थांबवावी लागली. "मॅडम, प्रतिपिंड तर तुमच्याच शास्त्रज्ञांनी शोधलंय ना?" कंपनीच्या संचालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "शोध आमचाच आहे, पण ज्या पेशीत तो राहतो ती पूर्णपणे आमची नाही. आज सही केली आणि उद्या किट बाजारात गेल्यावर कोणी हरकत घेतली, तर तुमचं उत्पादन अडकेल." प्रतिपिंडाची जनुके काढून दुसऱ्या पेशीत बसवण्याचा मार्गही होता, पण तो खर्चिक होता आणि त्या दुसऱ्या पेशीलाही तिच्या अटी असत्याच. आम्ही परवानगी मागायचे ठरवले.

उत्तर येईपर्यंतच्या काळात मी आणखी एक कलम पुन्हा चर्चेला घेतले. कंपनीला सर्व वापरांसाठी अनन्य हक्क हवा होता. सरकारी पैशातून तयार झालेले साहित्य एकाच कपाटात बंद व्हावे, हे मला मुळीच पटत नव्हते. मेनआफ्रीव्हॅक या लसीचे उदाहरण मी बैठकीत मांडले : अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतील, जिवाणूची शर्करा प्रथिनाला जोडून लस बनवण्याची पद्धत परवान्याने 'पाथ' या संस्थेमार्फत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली, आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये मेंदूज्वराची ती लस अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत पोहोचली. परवान्याची रचना कोणासाठी करायची, हे आधी ठरले म्हणून ते जमले, असे माझे मत आहे.

परवानगी आली, तिच्या शुल्कासह. अनन्य हक्क त्या एकाच आजाराच्या किटपुरता राहिला, ठरलेल्या मुदतीत किट बाजारात न आल्यास तो परत घेण्याची तरतूद झाली, आणि विद्यापीठांना व इतर सरकारी संस्थांना संशोधनासाठी हाच हायब्रिडोमा, मूळ संग्रहाच्या अटींना धरून, देण्याचा अधिकार प्रयोगशाळेने स्वतःकडे राखला.