डाव्या बाजूचा ब्रेक

नाही, हो, नाही, हो, नाही, नाही, नाही.

लायसनच्या फॉर्म १ ची ही उत्तरं आमच्याकडच्या प्रत्येक एजंटाला तोंडपाठ आहेत. मिरगी येते का, कशानंही अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का? नाही. २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? हो. हात-पाय गमावलाय का? नाही. लाल-हिरवा रंग ओळखता येतो का? हो. रातांधळेपणा, बहिरेपणा, आणखी काही आजार? नाही, नाही, नाही. अर्जदार समोरच खुर्चीवर मोबाइल पाहत बसलेला असतो, पण त्याला कोणी विचारत नाही. पूर्वी पेनानं खुणा व्हायच्या. आता शिकाऊ लायसन आधारवर घरबसल्या निघतं, म्हणजे आमच्याकडं ते सायबर कॅफेतून निघतं आणि तिथला पोरगा सातही खुणा एका दमात करून मोकळा होतो. खाली वाक्य असतं, की वरची माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. एक गाडी आणि दोन रजिस्टरं. एकात शिकणाऱ्यांची नावं, दुसऱ्यात कोणी किती तास चालवली त्याची नोंद. काही स्कूलवाले ही रजिस्टरं तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनानं भरून काढतात. असो.

या धंद्यात बाहेरच्याला न दिसणारी वस्तू म्हणजे डाव्या सीटसमोरची पेडलं. पैसे वाचवायला कित्येक जण तिथं नुसता ब्रेक बसवून घेतात. तिसऱ्या गिअरमध्ये तो दाबला, की गाडी आचके देऊन बंद पडते आणि मागचा ट्रॅक्टर डिकीत शिरायला पाहतो. माझ्या गाडीत ब्रेकही आहे आणि क्लचही, आणि जोडणी रॉडची आहे. तार ताणली जाते, रॉड ताणला जात नाही. रोज सकाळी पहिल्या पाळीआधी मी सीटखाली वाकून दोन्हीकडच्या पिना हलवून बघतो. बायको म्हणते, देवापुढं एवढं वाकत नाही हा माणूस. ॲक्सिलरेटर मात्र माझ्या बाजूला नसतो. शिकणाऱ्याचा पाय त्यावर आहे तोवर तो त्याचाच.

आता त्या दिवसाचं. ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय.

कापसाचे दिवस होते. रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रॉल्यांवरून उडालेला कापूस अडकलेला, जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग. स्टिअरिंगवर एक कृषी सहायक मुलगी, पंचविशीतली. दुचाकीचं लायसन कॉलेजपासूनचं. रोज स्कूटीवर गावं फिरायची, डिकीत कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे घेऊन. रस्त्याची भीती नव्हती, क्लच लवकर बसला होता. मागच्या सीटवर पुढच्या पाळीच्या काकू.

पुढं नाल्यावरचा पूल आणि त्याआधी डावं वळण. मी म्हटलं, "मॅडम, पाय काढा, गिअर खाली घ्या." उत्तर नाही. नवशिके ताणात असले की बोलत नाहीत, म्हणून पुन्हा म्हटलं. डावा हात उठला, पण गिअरकडं गेला नाही. ओढणीचं टोक धरून ते बोटांत चोळायला लागला. ओठ हलत होते, तोंडात काही घोळवत असल्यासारखे. डोळे उघडे, समोर. रस्ता वळला, स्टिअरिंग वळलं नाही.

मी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले, उजव्या हातानं स्टिअरिंग ओढलं, गिअर न्यूट्रल केला आणि हँडब्रेक खेचला. गाडी मुरमावर उतरून थांबली. पण तिचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, आणि इंजिन उभ्या जागी बोंबलत होतं. किल्ली तिच्या उजव्या अंगाला. तिच्या अंगावरून हात घालून मी ती कशीबशी फिरवली.

मागचा ट्रॉलीवाला उतरून आला. आत डोकावला आणि खाली वाकून पायातली चप्पल काढायला लागला. काकूंनी त्याला तिथंच दटावलं, "चप्पल-बिप्पल काही नोको हुंगवू. तिले धरूही नोको. मिरगी हाय ते. माह्या जावेच्या पोराले असंच होते, पडत नाही तो." मला मिरगी म्हणजे जमिनीवर पडून हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस एवढंच ठाऊक. ही तर सरळ बसलेली होती, सीटबेल्टसकट.

मिनिटभरानं तिनं डोळे मिटून उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, "बंद पडली का भाऊ? क्लच लवकर सोडला वाटते मी."

तिला खरंच तसं वाटत होतं. ते एक मिनिट तिच्या हिशेबात नव्हतंच.

संध्याकाळी तिच्या वडिलांना बोलावलं. निवृत्त गुरुजी, गळ्यात माळ. म्हणाले, सकाळी उपाशी होती, चक्कर आली असेल. मी म्हटलं, गुरुजी, चक्कर आलेला माणूस स्टिअरिंगवर झुकतो, ओढणी चोळत बसत नाही. डॉक्टरचा कागद आल्याशिवाय मी स्टिअरिंग देणार नाही. मग खरं कारण निघालं. "पोरीले पाहाले पाहुणे येऊन रायले, भाऊ. बोभाटा नोको." माझ्याकडं शिकलेले एक वकील सांगतात, की मिरगी आहे म्हणून लग्न रद्द मागायची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकली. कायद्यातून गेली, बैठकीतून कुठं गेलीय? गुरुजी रागावून गेले. फीचा राहिलेला अर्धा भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी पोराच्या हाती पाठवला, तो मी परत केला.

पण गेले ते नागपूरलाच. ईईजी झाला, एमआरआय झाला. मेंदूत जंताच्या अळीची एक बारीक, वाळून गेलेली गाठ निघाली. गुरुजींचा पहिला प्रश्न, आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मटण शिजलं नाही, मग हे आलं कुठून? डॉक्टरांनी सांगितलं, की या जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाणेरड्या पाण्यातून पोटात जातात, माळकऱ्याच्या घरीही जातात. आपल्या देशात मिरगीचं हे नेहमीचं कारण आहे. आणि आईनं तिथं सांगितलं, की पोरगी मधूनमधून तंद्रीत जाते, दोन-तीन वर्षं झाली. घरात त्याला तंद्रीच म्हणायचे. म्हणजे तेवढी वर्षं ती तंद्री घेऊन स्कूटीवर गावं फिरत होती, आणि फॉर्मावरचं 'नाही' हे तिच्यापुरतं प्रामाणिक होतं.

मिरगीवरच्या लेव्हेटिरॅसिटॅमच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. गोळी चुकवायची नाही, जागरण करायचं नाही, वाहन चालवायचं नाही. तिनं तिन्ही पाळलं. स्कूटी भावाला दिली, गावांना एसटीनं किंवा सहकाऱ्याच्या मागं बसून जाऊ लागली. आमच्याकडच्या एसटीच्या फेऱ्या ज्याला माहीत आहेत त्याला यात तिचं काय गेलं ते कळेल. दुपारी शेतावर पोचलं तर शेतकरी घरी गेलेला असतो.

वर्ष उलटून गेल्यावर ती फाइल घेऊन माझ्याकडं आली. एकही झटका नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं. तिनं स्वतः वाचून काढलेलं मला सांगितलं, की ब्रिटनमध्ये कार चालवायला सलग १ वर्ष झटका आलेला नसावा लागतो. ट्रक आणि बससाठी १० वर्षं, तीही गोळ्यांशिवाय. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं आहे, बहुतेक ठिकाणी ३ महिने ते १ वर्ष. मग म्हणाली, "भाऊ, आपल्या फॉर्मात मी काय लिहू?"

मोटार वाहन कायदा १९८८ चा. आजारामुळं लोकांना धोका होईल असं दिसलं तर लायसन नाकारायचं, हे कलम ८ मध्ये आहे. दिलेलं लायसनही काढून घेता येतं, ते कलम १६. शरीर-मन धड नसताना गाडी चालवली तर कलम १८६, पहिल्यांदा १,००० रुपये दंड, पुन्हा सापडलं तर २,०००. चाळिशी उलटलेल्यांना आणि मालवाहू-प्रवासी गाडीच्या लायसनला फॉर्म १-अ वर डॉक्टरची सही लागते. पण किती दिवस झटका नसला म्हणजे माणूस गाडीवर बसायला मोकळा, हे कुठंच लिहिलेलं नाही. काल झटका आलेला माणूस आणि आठ वर्षांत न आलेला माणूस, दोघांनी एकाच चौकटीत 'हो' लिहायचं आणि घरी बसायचं. शेवटचा कधी आला, हा एकच प्रश्न माझ्या कामाचा आहे, आणि तोच तिथं नाही.

मला कोणी विचारलं तर मी सांगेन, की झटका आवरलेला नसताना कोणीही गाडीवर बसू नये, बैलगाडीवरसुद्धा नाही. ते इंजिन ओरडताना मी ऐकलंय. पण ही मुलगी वेळेवर गोळी घेते, वेळेवर झोपते, डॉक्टरची फाइल घेऊन फिरते. माझ्याकडं शिकून गेलेल्यांपैकी कित्येक जण शनिवारच्या बाजारातून कसे परततात ते सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांच्या खिशात लायसन आहे.

मी तिला खोटं लिहा म्हटलं नाही. खरं लिहिलं तर अर्जाचं काय होईल तेही सांगितलं. ती हसली. म्हणाली, "म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं तेच बरं होतं." तिनं अर्ज केला नाही. दुचाकीचं जुनं लायसन तिच्या पर्समध्ये आहे, अजून कित्येक वर्षं चालेल, ते कोणी मागायला आलेलं नाही. स्कूटी भावाकडंच आहे. शेवटी तिनं रोजच्या एसटीच्या रस्त्यावरच्या गावांसाठी बदली मागितली, ती मिळायची आहे.

तेव्हापासून मी पहिल्या दिवशी, एजंटाच्या फॉर्माच्या भरवशावर न राहता, प्रत्येकाला स्वतः विचारतो. एकट्याला, गाडीच्या आत, काचा वर करून. मिरगी येते का असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात. म्हणून मी विचारतो, कधी मधलं काही आठवत नाही असं झालंय का? सकाळी उठल्यावर हातातून कप उडतो का? जीभ चावलेली असते का? कोणत्या गोळ्या रोज चालू आहेत? बहुतेकांना हा म्हातारा वेडा वाटतो.

मागच्या हंगामात पिकअपसाठी एक जण आला होता. कप उडण्याच्या प्रश्नाला त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमाले कोणं सांगतलं?" मी म्हटलं, कोणीच नाही, सगळ्यांना विचारतो. डॉक्टरला दाखवून या, मग बसू, फी नंतर द्या. हो जी, हो जी म्हणाला, चहा घेतला आणि गेला. परत आला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये त्याचं नाव लागलं असं नंतर कळलं. तिथल्या गाडीला डाव्या बाजूला नुसता ब्रेक आहे, आणि तिथं हे प्रश्न कोणी विचारत नाही. गेल्या आठवड्यात जिनिंगच्या रांगेत तो दिसला, पिकअपवर, कापूस भरून. मी उतरून त्याच्या खिडकीशी गेलो आणि गोळ्या चालू आहेत का विचारलं. त्यानं काच वर केली.