करंगळीएवढी दोरी

डिसेंबरातली गोष्ट. कडोलीच्या शिवारात एका विहिरीत पाच एचपीची ओपनवेल मोटर पडली होती. ती ज्या दोरीवर लोंबकळत ठेवलेली, ती काठाच्या दगडावर घासून तुटली आणि मोटर काळ्या पाइपासकट तळाला गेली. पाणी चाळीस फूट. कोबीचं पीक उभं, आणि मालक तीन दिवस शेजाऱ्याचं पाणी मागून भागवत होते. गळ टाकून बघितला तर तो पाइपात अडकायचा. तसंच ओढलं असतं तर जॉइंटातून पाइप सुटून वर आला असता आणि मोटर तिथंच राहिली असती. तिच्या डोक्यावरच्या कडीतच हूक घालायला पाहिजे होता, म्हणजे माणूस खाली उतरायला पाहिजे होता.

मोटरी बसवायचं आणि काढायचं काम मी बावीस वर्षं करतोय. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, कुठल्या विहिरीला पाणी किती हे मला साधारण तोंडपाठ आहे. बुडी मारणं हे ह्या कामाचा भागच, ते वेगळं शिकायचं असतं असं कधी मनातही आलं नव्हतं. लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडलं, तेव्हा पोहायला आलं ते आलं.

आधी स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून माझ्या जेवणाच्या पिशवीत ठेवले. नुसता मेन स्विच पाडून भागत नाही, कोणीतरी येतो आणि सवयीनं वर करतो. मग वीस किलोचं लोखंडी वजन बांधून दोरी विहिरीत सोडली आणि त्या दोरीला धरून खाली निघालो. पहिल्या खेपेला पंचवीस फुटांवर कान असा ठणकला की परत फिरलो. दुसऱ्या खेपेला वजनापर्यंत पोचलो, पण पोचेपर्यंत छातीत काही उरलंच नव्हतं. कडी चाचपायला हात पुढं केला आणि तसाच वर आलो. तिसऱ्या खेपेलाही तेच.

त्या दिवशी माझा भाचा सोबत होता. तो मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला डायव्हिंगला नेणाऱ्या बोटीवर कामाला आहे, आणि बिनसिलिंडरची बुडी, ज्याला फ्रीडायव्हिंग म्हणतात, ती तो अंदमानला जाऊन शिकून आलाय. सुट्टीला आलेला, मामाला मदत म्हणून दोरी धरायला उभा होता. मी तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, एकोणीस."

"काय एकोणीस?"

"एकोणीस हात मारलासा खाली जायला. आठात जायला पायजे."

मला राग आला नाही, कारण माझे खांदे भरून आले होते आणि त्याचं म्हणणं खरं असणार हे त्या दुखण्यावरूनच कळत होतं.

त्यानं मला वर काढलं, अंगावर टॉवेल टाकला आणि आंब्याच्या फांदीला दोरीचा दुसरा तुकडा बांधला. तिथं उभ्या उभ्या त्यानं मला दोरी ओढायला लावली. मी ओढायचो तशी, भराभरा, छातीपाशी आली की सोडून पुढचा हात. तो म्हणाला, अर्धी ओढ वाया चालली. हात पूर्ण लांब करून, खांदासुद्धा कानापर्यंत नेऊन दोरी धरायची आणि अंगालगत खाली थेट मांडीपर्यंत आणायची. ओढ सुरुवातीला हलकी, मधे जोराची. मूठ आवळायची नाही, बोटांचा आकडा पुरतो. मूठ आवळली की कोपरापासून मानेपर्यंत सगळं ताठतं. आणि हात मांडीशी आला की थांबायचं. इथंच मी चुकत होतो. ओढ संपली की अंग पाण्यातून आपोआप सरकत राहतं, ते सरकणं जवळजवळ संपेपर्यंत दुसरा हात पुढं न्यायचा नाही. मी मात्र ते सरकणं सुरू होण्याआधीच पुढची ओढ घेऊन स्वतःच मोडत होतो.

पायांचं तर मला माहीतच नव्हतं. मी हात मारता मारता पायही झाडत होतो. मांडीचे स्नायू अंगातले सगळ्यात मोठे, ऑक्सिजनही तेच जास्त खातात. दोरीवर उतरताना पाय ओल्या धोतरासारखे मागं सोडून द्यायचे. ह्या प्रकाराला फ्री इमर्शन म्हणतात. न्यूझीलंडचा विल्यम ट्रूब्रिज २०१६ साली बहामातल्या डीन्स ब्लू होलमध्ये पायात काही न घालता, नुसती दोरी ओढत १२४ मीटर खाली जाऊन वर आला. चारशे फुटांच्या वर! माझी विहीर चाळीस फुटांची.

दोरीही त्यानं बदलली. माझी बारीक होती, बोटात रुतायची. मालकांकडं करंगळीएवढी जाड नवी दोरी होती, ती घेतली. वजन मी तळाला टेकवून ठेवलेलं, त्यामुळं दोरी सैल पडायची आणि ओढली की माणसाऐवजी दोरीच हलायची. त्यानं वजन तळापासून वीतभर उचलून दोरी वर पक्की बांधली. दोरी ओळंब्यासारखी उभी राहिली. गवंड्याला जसा ओळंबा, तशी पाण्यात उतरणाऱ्याला ती सरळ दोरी, हे मला बघताक्षणी पटलं.

कानाचं कारण मानेत होतं. मी तळ बघायला हनुवटी वर करायचो, त्यानं गळा ताणला जातो आणि कानात हवा जात नाही. नजर समोरच्या दोरीवर ठेवायची, हनुवटी आत. एक हात दोरीवर, दुसऱ्यानं नाक दाबून जीभ टाळूला रेटायची, कान दुखायच्या आधीच, दर हाताला. आणि माझा पोहायचा गॉगल त्यानं काढूनच घेतला. त्यात नाक बाहेर राहतं, म्हणून आत हवा सोडता येत नाही आणि खोलात तो डोळे ओढून धरतो. माझे डोळे दोन-दोन दिवस लाल राहायचे ते का, हे तेव्हा समजलं. त्यानं स्वतःचा नाक झाकणारा मास्क दिला.

मग मी पाण्यात उतरलो आणि नेहमीसारखे जोरजोरात श्वास घ्यायला लागलो. त्यानं हात वर केला. "तसं नका करू मामा. तसंच मरतात."

इथं मला माझ्या जोडीदाराचं सांगायला पाहिजे. आम्ही दोघांनी बरोबरच हे काम सुरू केलं. आमच्यात दम त्याचाच मोठा. पंधरा वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका विहिरीत तो असेच वीस-पंचवीस जोराचे श्वास घेऊन गेला, काम करून वर आला, त्याचा हात पाण्याबाहेर आलेला मी बघितला, आणि तिथूनच तो शांतपणे परत खाली गेला. धडपड नाही, काही नाही. आम्हाला वाटलं, राहिलेलं काही करायला गेला. काढला तेव्हा उशीर झाला होता. गावानं म्हटलं, साती आसरांनी नेला. त्याच्या आईनं त्या विहिरीवर नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. मीही तेच धरून चाललो होतो.

भाच्यानं काठावर बसून सांगितलं. जोराच्या श्वासानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर जातो. श्वास घे, श्वास घे असं जे आतून वाटतं ते त्याच्यामुळं. तो कमी केला की ऑक्सिजन संपत आला तरी माणसाला कळत नाही. तेहतीस फुटांवर दाब वरच्या दुप्पट असतो, त्या दाबानं थोडका ऑक्सिजनही रक्तात जात राहतो. वर येताना दाब उतरतो, आणि शेवटच्या काही फुटांत माणूस एकदम विझतो. म्हणून पाण्याबाहेर आलेल्यावर अर्धा मिनिट तरी नजर ठेवायची, आणि एकट्यानं कधीच नाही. जोडीदार बाहेर आला तेव्हा मी त्याच्याकडं बघत होतो, फक्त हात घातला नाही.

थोडा वेळ मी काही बोललो नाही. तोही गप्प बसला.

मग उतरलो. साधे श्वास, शेवटचा एक मोठा. पहिले दोन-तीन हात जड गेले, छाती हवेनं भरलेली असते म्हणून पाणी वर ढकलतं. वीसेक फुटांनंतर ते ढकलणं सरलं आणि अंग आपसूक खाली जायला लागलं. थंड पाणी तोंडावर, कान मोकळे, हिरवट अंधारात समोर फक्त पांढरी दोरी. हात मोजत होतो. सात, आठ, नववा वजनाला लागला. पहिल्या खेपेला नुसतं वजनाला हात लावून परत यायचं असं ठरलं होतं, तसा आलो. वर येताना पहिले हात जोराचे, मग हळू, शेवटचे दहा-पंधरा फूट पाण्यानंच उचललं. दोरी सोडायची नाही, वर बघायचं नाही. बाहेर आल्यावर सगळा श्वास टाकून न देता आधी पटकन आत घ्यायचा. भाचा पाण्यातच, हाताच्या अंतरावर, माझ्या तोंडाकडं बघत होता.

बुडी जेवढ्या वेळाची, त्याच्या निदान दुप्पट विश्रांती असं म्हणतात. त्यानं मला पाच मिनिटं बसवलं. मला घाई होती, त्याला नव्हती. दुसऱ्या खेपेला कडी सापडली, गाळात तिरकी होती. तिसऱ्या खेपेला हूकाची दोरी कमरेला अडकवून गेलो, बोटांनी कडी चाचपली, हूक घातला, दोनदा ओढून बघितला. घाई कशी ती झालीच नाही, कारण छातीत अजून शिल्लक होतं. बावीस वर्षांत तळाला असं पहिल्यांदा वाटलं.

चेन पुलीवर मोटर वर आली तेव्हा मालकीणबाईंनी काठावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला कुंकू लावलं. मी पण हात जोडले. फ्यूज बसवले, मोटर उन्हात सुकायला ठेवली, वायंडिंग तपासायला दुसऱ्या दिवशी यायचं ठरवून निघालो.

जोडीदाराचा धाकटा भाऊ आता हेच काम करतो. एकटाच जातो, फार तर मालकाला काठावर उभा करतो. संध्याकाळी भाच्याला गाडीवर मागं बसवून त्या धाकट्या भावाच्या घरी गेलो. आई आत होती, म्हणून त्याला अंगणातच बोलावलं आणि सगळं सांगितलं, भावाचंसुद्धा. तो बराच वेळ मान खाली घालून उभा होता. मग विचारलं, "दादा, मीपण तसेच श्वास घेतो. मग आता काय करू?"

"रविवारी सकाळी विहिरीवर ये," म्हटलं. "दोरी मी आणतो."