जांभ्याचा लाल

कोकणात चित्रं काढायला निघालेले बहुतेक जण डबीत निळे आणि हिरवे रंग भरून नेतात. मला विचाराल तर पहिली जागा लालाला द्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पूर्णगडाहून कशेळीकडे चालत निघालं की सगळीकडे जांभाच भेटतो, कोकणातला लाल, भोकाभोकांचा दगड. घराचं जोतं जांभ्याचं, विहिरीचं बांधकाम जांभ्याचं, आगराभोवतीचा दगडी कुंपणाचा गडगा त्याचाच, वाडीतून वर चढणारी पायऱ्यांची पाखाडी त्याचीच. त्या लालामुळे माड एवढे हिरवे दिसतात. तो लाल कागदावर नीट बसला की बाकीचं चित्र आपोआप उभं राहतं.

नाताळच्या सुट्टीत मी आणि माझी बहीण ही वाट चालतो. ती पक्षी बघते, मी बसते. पाठीवर पाण्याची बाटली, तीनशे जीएसएमच्या जाड सुती कागदाची छोटी वही, दोन ब्रश, कागद धरायला चिमटे आणि जलरंगांची पत्र्याची डबी, एवढंच. चालायचं असतं तेव्हा यापेक्षा जास्त ओझं नको.

पूर्णगड मुचकुंदी नदीच्या मुखाशी आहे, खाडीच्या उत्तरेला. किल्ला लहान, पण समुद्राकडच्या तटात एक दरवाजा आहे आणि त्या चौकटीतून दिसणारं पाणी काढायला मला फार आवडतं. चौकटीच्या आतली बाजू सावलीत असते. तिथला जांभा लाल नसतोच, जांभळट करडा असतो. निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना ओल्या कागदावर एकमेकांत सोडले की तो करडा मिळतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खडबडीतपणा न काढता उमटतो. दगडाची भोकं एकेक करून रंगवत बसलं तर चित्र गोवर आल्यासारखं दिसतं. दोन-तीन ठिकाणी गडद ठिपके द्यावेत, बाकीचं डोळा पुरं करतो.

पायथ्याच्या वाडीत एक गडगा काढत असताना एक गवंडीकाका मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, ही डावीकडची रांग औंदा लावलेली. तिला एवढी काळी नको."

मी विचारलं, "काका, कसं ओळखायचं?"

"खाणीतून काढला की चिरा केशरी असतो, मऊ पण असतो. वारा लागला की घट्ट होतो. दोन पावसाळे गेले की काळा पडायला लागतो. ही रांग बघा, अजून केशरीच आहे."

त्या दिवसापासून मी भिंतीचा रंग ठरवताना आधी तिचे पावसाळे मोजते. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या चिऱ्यांवर शेवाळ आणि काजळी जास्त. घराच्या मागची, पडवीच्या वळचणीखालची भिंत वर्षानुवर्षं केशरी राहते. एकाच घराच्या दोन भिंतींना दोन वेगळी मिश्रणं लागतात.

जांभा लाल असतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. डबीतल्या बर्न्ट सिएना आणि लाइट रेडच्या जातकुळीचं रंगद्रव्यही तेच, लोहाचं ऑक्साइड. म्हणून मी रंग घरीच करून बघितला. चिरेखाणीच्या कडेला पडलेला भुगा पाण्यात ढवळायचा, जाड कण खाली बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यायचं. खाली उरतो तो मऊ गाळ वाळवायचा. मग काचेवर डिंकाच्या पाण्यात घोटायचा. जलरंगाला धरून ठेवणारा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडांचाच असतो. मधाचा थेंब घातला की रंगाची वडी तडकत नाही, आणि लवंग तेलाचा थेंब बुरशीला लांब ठेवतो. दुकानातल्या रंगाइतका तो तेजस्वी नाही, जरा दाणेदार आहे. पण गडग्यावर लावला की गडग्याचाच वाटतो, आणि मला तेच हवं होतं.

पुलावरून खाडी ओलांडली की गावखडी. तिथल्या सुरूच्या बनात आम्ही नेहमी जेवतो. वेळेचं गणित इथे सांगते, कारण किनाऱ्यावर चित्राचा अर्धा कारभार हवेच्या हाती असतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद असतो, हवेत दमटपणा असतो, कागद वाळता वाळत नाही. ती वेळ आकाशाची आणि धुक्यातल्या डोंगरांची, सगळं ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग. उन्हं वर आली, समुद्रावरून खारा वारा सुटला की रंग बघता बघता सुकतो. तेव्हा भिंती, होड्या, धारदार सावल्या घ्याव्यात. आणि ब्रश समुद्राच्या पाण्यात बुडवू नये. मिठाचे कण कागदात राहतात, हवेतला ओलावा ओढतात आणि पावसाळ्यात ते पान चिकट होतं. वापरायचं ते प्यायचं पाणी.

गावखडीहून वर चढलं की सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. डिसेंबरात गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि मधे काळपट कातळ उघडा पडतो. मला सगळ्या वाटेत हाच भाग सगळ्यात प्रिय आहे. इथे झाड नाही, घर नाही, आकाश आणि कातळ फक्त. कागदाचा मोठा भाग कोरा ठेवायचं धाडस मला इथेच आलं.

कशेळीत कनकादित्याचं, म्हणजे सूर्यदेवाचं, दर्शन घेऊन आम्ही कातळशिल्पाकडे जातो. जांभ्यात कोरलेला तो प्रचंड हत्ती, आणि त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे अशा कोकणातल्या कातळशिल्पांची नावं २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. भर दुपारी गेलात तर रेषा जवळजवळ दिसत नाहीत. ऊन तिरकं असताना, सकाळी लवकर किंवा उतरत्या दुपारी, कोरलेल्या खोबणीत सावली भरते आणि मग हत्ती वर येतो. चित्रातही मी रेषा काढत नाही, फक्त ती सावली काढते.

काही जण फोटोत आकृती उठून दिसावी म्हणून त्या खोबणीत खडू भरतात. हे पाहून मला खरंच राग येतो. खडू भरू नका, पाणी ओतू नका, चपला काढून कडेने फिरा. आणि रंगांचं गढूळ पाणी कातळावर न टाकता बाटलीत परत घेऊन या.