गर्राफांव विकला गेला

गोव्यात एखादी तावेर्न, म्हणजे गावातला छोटा दारूचा गुत्ता, बंद पडली की सगळ्यात आधी गिऱ्हाईक मिळतं ते गर्राफांवाला. टेबलं जुन्या लाकडाच्या भावाने जातात, फ्रीज भंगारात जातो, परवान्याचं काय करायचं यावर भावंडांचं वर्षानुवर्षं एकमत होत नाही. पण तो हिरवट काचेचा, मानेला चिंचोळा आणि पोटाला गरगरीत बुधला उचलायला जुन्या सामानाचा व्यापारी आधीच दारात हजर असतो. पुढे त्यात बल्ब सोडून तो एखाद्या हॉटेलच्या छताला टांगला जातो. खाली बसलेला पाहुणा फेणीचं कॉकटेल मागवतो आणि वर बघून म्हणतो, काय सुंदर आहे हो!

सुंदर आहेच. पण बल्बला गर्राफांवाची काही गरज नाही, फेणीला होती. बेचाळीस-पंचेचाळीस टक्के अल्कोहोल असलेला द्रव प्लास्टिकच्या कॅनमध्ये महिनाभर ठेवला की कॅनचा वास त्यात उतरतो, आणि काजूचा वास कितीही उग्र असला तरी तो प्लास्टिकचा वास काही झाकत नाही. काचेला वास नाही, चव नाही, मुरवायला वर्षंच्या वर्षं दिली तरी तिची तक्रार नाही. बूच मात्र घट्ट हवं. गर्राफांव अर्ध्यावर आला की वरच्या रिकाम्या जागेत हवा साठते, फेणीचा सुवास त्या हवेत निघून जातो आणि खाली नुसता तिखटपणा उरतो. म्हणून जाणता तावेर्नकार उरलेली फेणी वेळेवर लहान बाटल्यांत, गळ्यापर्यंत भरून ठेवायचा. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. त्याच्या आईने तसं केलं होतं म्हणून तोही करायचा.

तावेर्न म्हणजे तशी फार मोठी गोष्ट नव्हे. घराचीच पुढची खोली, रस्त्याच्या बाजूला अर्धं दार, आत एक बाक, फार तर दोन टेबलं. फळीच्या पलीकडे बाटल्या, आणि त्यांच्याच शेजारी काड्यापेट्या, मेणबत्त्या, अंडी, साबण. भिंतीवर घरोघरच्या देवाप्रमाणे क्रूस किंवा गणपती, खाली तांबडा बल्ब. सकाळी उघडायची, दुपारी जेवून सगळा गाव झोपतो तेव्हा तीही झोपायची, आणि रात्री जेवणाच्या वेळेला बंद. नाईट लाइफ वगैरे शब्द तिच्या गावी नव्हते. सकाळी दहाला शेतावरून आलेला माणूस उभ्याउभ्या एक लहान ग्लास घ्यायचा, पाठोपाठ चार चणे तोंडात टाकायचा आणि चालू पडायचा. अंग रगडायला किंवा सर्दीला म्हणून घरून औषधाची रिकामी बाटली घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायकाही गिऱ्हाइकांतच. कोणाला किती दिली हे वहीत, आणि कोणाला किती द्यायची हे फळीपलीकडच्या बाईच्या डोक्यात. तिसऱ्या ग्लासानंतर ‘आता घरी जा’ असं सांगायचा अधिकार तिला होता, कारण घर कुठलं हे तिला माहीत होतं. बाटली घरपोच आणणाऱ्या मुलाकडून ही अपेक्षा कशी करायची?

अर्थात तावेर्नीला फार पवित्र करण्यातही अर्थ नाही. त्याच वहीपायी काही घरांतला पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपायचा, आणि तिसऱ्या ग्लासाला अडवणाऱ्या जितक्या होत्या तितक्याच चौथा भरणाऱ्याही असणार.

तरी एक गोष्ट तिच्या पदरात टाकावीच लागेल. गावची भट्टी जगायची ती तावेर्नीवर. फेणीचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांचं काम आणि वर्षभराची विक्री. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडायचा नाही, आपण होऊन पडलेलाच घ्यायचा. तोडलेल्यात तुरटपणा जास्त आणि साखर कमी. बी पिळून वेगळी केली की बोंडू कोळमीत, म्हणजे दगडात कोरलेल्या उथळ कुंडात टाकून पायांनी तुडवायचे. आता बऱ्याच ठिकाणी पिंजऱ्याचं यंत्र आलंय. चोथ्यावर वजन ठेवलं की आपोआप थेंबथेंब निथळतो तो नीरो. तो तसाच प्यायला गोड, आणि उन्हात पोटाला थंड. आंबवायचा तो तुडवून निघालेला रस. त्यात यीस्ट घालत नाहीत, फळाच्या सालीवरचं आणि हवेतलं पुरतं. तीनेक दिवसांत फेस चढतो आणि बसतो. फेस बसायच्या आधी घाई केली तर साखर शिल्लक राहते आणि उतारा कमी पडतो. बसल्यावर फार दिवस ठेवला तर रस आंबटाकडे झुकतो आणि मग त्याचा व्हिनेगरच होणार.

मग हा रस भाणात. भाण म्हणजे रस उकळायचं भांडं, तांब्याचं, तोंड बंद करायला कापड आणि चिकणमाती. एका नळीतून वाफ लावणीत, म्हणजे ती थंड होऊन जमा होते त्या भांड्यात, उतरते आणि लावणीवर सतत गार पाणी ओतत राहायचं. पाणी कोमट झालं की वाफ थंड व्हायची थांबते आणि मालकाचा पैसा हवेत जातो. जाळ मंद हवा. जाळ मोठा झाला तर रस उसळून नळीत येतो आणि तळाला लागलेला करपट वास शेवटच्या थेंबापर्यंत सोबत करतो. पहिल्या उताऱ्याचा हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा उतरवला की फेणी. जोर मोजायचा तो ग्राव या मापात, हे टक्के नव्हेत. हुर्राक चौदा-पंधराच्या आसपास, फेणी एकोणीस-वीस. काचेचं मापक नसेल तर फेणी उंचावरून ग्लासात ओतायची आणि कडेने जमणारे बुडबुडे बघायचे. भरपूर आले आणि टिकून राहिले तर जोर बरोबर, भुर्रकन फुटले तर पाणी जास्त.

तावेर्नकाराला हे सगळं येत असे, कारण त्याला ते विकत घ्यायचं असे. दोन थेंब तळहातावर चोळायचे. अल्कोहोल उडून गेल्यावरही तळहाताला काजूचा वास राहिला तर माल खरा. स्वस्त स्पिरिटमध्ये थोडी फेणी आणि थोडा अर्क मिसळून केलेला माल असेल तर वास आधी जोरात येतो आणि हात वाळताच गायब. भट्टीवाल्यालाही ठाऊक असे की फसवलं तर पुढच्या वर्षी याच रस्त्याने जायचंय. दर्जाची तपासणी म्हणतात ती एवढीच, पण दोन्ही बाजूंना तोंड दाखवायचं असल्यामुळे चालायची.

ही सगळी घडी विस्कटली कशी, याला एकच कारण शोधू नये. फेणी माडाचीही असते, आणि तिचं दुखणं तर झाडावरच सुरू झालं. रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढतो, सकाळ-संध्याकाळ सूर, म्हणजे तो रस, उतरवायला आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायला. एक खेप चुकली तर पोय सुकते. एवढे कष्ट आपल्या मुलाने करावेत असं रेंदेरालाही वाटेना, आणि त्यात त्याचं काय चुकलं? पुढे गिऱ्हाइकाला थंडगार बियर हवी झाली. बियरला फ्रीज लागतो, फ्रीजला विजेचं बिल, आणि बिल भरायला दिवसाला विकले जाणारे दहा-बारा लहान ग्लास पुरत नाहीत. पोरं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेली. फळीमागे उरली ती आई. ती गेली की परवाना, जागा, घर सगळ्यांवर वारसांच्या सह्या. गोव्यात वारसाहक्काचा पाया अजून पोर्तुगीज दिवाणी कायद्याचा, मुलगा-मुलगी भेद नाही, सगळ्यांचा वाटा. कायदा म्हणून उत्तमच. पण एक वारस मडगावात, एक दुबईत, दोन स्विंडनला, तर वर्षाच्या नूतनीकरणाच्या तारखेला सही आणायची कुठून?

वर महामार्गाचा निकाल. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरांच्या आत दारूविक्री नको असं ठरवलं. 31 मार्च 2017 रोजी वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या भागांसाठी ते अंतर 220 मीटर केलं. भरधाव गाड्यांसाठी हे योग्यच होतं. पण गोव्यात एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाजन, म्हणजे खाडीकाठची खारजमीन, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, असा गाव असतो. गावच्या मध्यातून जाणारी जुनी वाट कधीतरी महामार्ग झाली होती आणि तावेर्न तिथे त्याच्याही आधीपासून होती. पुढे नियम सैल झाले. मोठ्या हॉटेलांनी वकील लावून तग धरला. दोन बाकांच्या तावेर्नीला तेवढे महिने बंद राहणं परवडलं नाही, आणि एकदा गिऱ्हाइकाची वाट मोडली की ती पुन्हा पडत नाही.

या सगळ्यात फेणीचं मात्र नशीब उघडलं. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये राज्याने तिला वारशाचं पेय ठरवलं, 2021 मध्ये फेणी धोरण आलं. सुबक बाटल्या आल्या, पणजीच्या फॉन्तेन्हासमध्ये जोझेफ बारसारखी जुनी जागा नव्याने गजबजली. याचा आनंदच आहे. फक्त मानांकन मिळतं पेयाला. गावातल्या वहीला, मापाला, ‘आता घरी जा’ला मानांकन नसतं. आणि बाटलीबंद करणाऱ्या कंपनीला मोठा, एकसारखा माल लागतो. वीस-पंचवीस बाटल्यांची फेणी काढणाऱ्या आतल्या गावच्या भट्टीकडे तिची गाडी कशाला वळेल?

जाता जाता सीमेपलीकडचं. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याला काजू तितकाच, बोंडू तितकाच रसाळ. पण तिथे बी विकायची आणि बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजायचा. इकडे जो वारसा, तो इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर परवान्यावाचून गाडीच्या डिकीत सापडला तर गुन्हा. यावर दरवर्षी कोणीतरी निवेदन देतं, आणि दरवर्षी बोंडू कुजतात.

असो. एप्रिलमध्ये आतल्या गावात एखादी तावेर्न उघडी दिसली तर हुर्राक मागावा, फेणी नको. हुर्राक टिकत नाही, पावसाळा लागेपर्यंतच त्याची गंमत. सोबत लिमका, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, हिरवी मिरची. मिरची देठ ठेवून उभी चिरायची. आडवी कापली की बिया ग्लासात सुटतात आणि तिसऱ्या घोटाला ठसका लागतो. ग्लासाच्या कडेला मीठ फासायची नवी टूम निघाली आहे. फासा, हुर्राकाला काही फरक पडत नाही.