नागासाकीतले कानकोरणे

नागासाकीत राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाईंनी मला बांबूचे कानकोरणे भेट दिले, ज्याच्या एका टोकाला चिमुकला चमचा होता आणि दुसऱ्या टोकाला पिसांचा पांढराशुभ्र गोंडा. आजीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पितळी कानकोरणे असायचे, त्यामुळे वस्तू ओळखीची वाटली. गोंडा कशासाठी, ते मात्र कळेना. बहुतेक जपानी माणसांच्या कानातला मळ कोरडा आणि पापुद्र्यासारखा असतो, तो चमच्याने सुटा करायचा आणि उरलेला भुगा गोंड्याने झटकायचा, असा त्याचा उपयोग. आमच्या घरात सगळ्यांचा मळ ओला आणि चिकट, त्यामुळे पहिल्याच वापरात गोंड्याची पार रया गेली. कोरड्या कानाला इथे ‘कोनामिमी’, म्हणजे पिठाचा कान, म्हणतात आणि ओल्याला ‘आमेमिमी’, म्हणजे पाकाचा कान.

हा फरक आनुवंशिक आहे आणि ओलेपणा प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा वडील एकाकडून आला तरी पुरतो, हे जपानी संशोधकांना फार पूर्वीपासून माहीत होते. जपानी कुटुंबांच्या अभ्यासातून २००२ मध्ये त्याची जागा सोळाव्या गुणसूत्रावर निश्चित झाली, आणि २००६ मध्ये याच शहरातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह नेमके जनुक दाखवून दिले: एबीसीसी-११. गंमत अशी की, हे जनुक २००१ पासूनच नोंदलेले होते. एटीपी या पेशीतल्या इंधन-रेणूची ऊर्जा खर्चून पेशीतले पदार्थ तिच्या पटलापलीकडे ढकलणाऱ्या वाहक प्रथिनांच्या मोठ्या घराण्यातले ते एक, एवढी त्याची ओळख होती. कानाशी त्याचे नाते आहे, असे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. जनुकाच्या ५३८ व्या स्थानावर डीएनएच्या अक्षरांपैकी ‘जी’ऐवजी ‘ए’ आला की प्रथिनातल्या १८० व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन बसते, आणि आईवडील दोघांकडूनही ‘ए’ मिळाला तर मळ कोरडा होतो.

माझ्या मते खरे काम इथून पुढे सुरू होते, कारण एका अक्षराचा आणि मळाचा मेळ बसला म्हणून वाहक नेमके काय करतो आणि तो कुठे अडतो, हे आपोआप समजत नाही. त्यासाठी पेशींचे पटल फोडून त्याच्या आतली बाजू बाहेर आलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार करतात, म्हणजे एरवी पेशीबाहेर टाकला जाणारा पदार्थ पिशवीच्या आत जमतो. किरणोत्सारी खूण केलेला पदार्थ आणि एटीपी मिसळून काही मिनिटांनी सगळे बारीक गाळणीतून झपाट्याने ओढून घ्यायचे, आणि गाळणीवर राहिलेल्या पिशव्यांत खूण किती आहे ते मोजायचे. एटीपीशिवाय केलेली मोजणी त्यातून वजा केली नाही, तर पटलाला नुसते चिकटलेलेही वाहून नेलेले समजले जाते; नवशिक्यांची हमखास चूक होते ती इथेच.

शिकण्यासाठी म्हणून मी दोन्ही रूपांची प्रथिने पेशींत बनवून पाहिली, तेव्हा प्रथिने वेगळी करणाऱ्या जेलच्या फोटोत ‘जी’ रूपाचा पट्टा ठसठशीत उमटला आणि ‘ए’ रूपाच्या रकान्यात जेमतेम सावली दिसली. माझ्याकडूनच नमुना सांडला असणार, असे समजून मी तो प्रयोग तीनदा केला, तरी निकाल तोच. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पेशींतली प्रथिने मोडणारी यंत्रणा रोखणारे औषध घालून बघायला सांगितले, आणि हरवलेला पट्टा परत दिसू लागला. जपानी संशोधकांनी २००९ मध्येच दाखवले होते की आर्जिनीनवाल्या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या नीट चढत नाहीत, पेशी त्याला सदोष ठरवते आणि पटलापर्यंत पोहोचण्याआधीच मोडीत काढते. म्हणजे कोरड्या कानवाल्यांचा वाहक बहुतांशी दारापर्यंत पोहोचतच नाही. मला मात्र इतके दिवस तो दारात उभा राहून कामचुकारपणा करत असल्यासारखा वाटत होता.

हाच वाहक काखेतल्या घामग्रंथींतही असतो आणि ज्या पदार्थांपासून त्वचेवरचे जिवाणू घामाचा वास तयार करतात, ते पदार्थ बाहेर पडण्यासाठी तो लागतो. त्यामुळे कोरड्या कानवाल्यांच्या काखेला सहसा वास येत नाही. पुण्याच्या लोकलमधून उन्हाळ्यात प्रवास केलेल्या माणसाला इथल्या भरगच्च ट्राममध्ये हे वेगळे सांगावे लागत नाही.

घरमालकीणबाईंना मी हे सगळे माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कानात घालायच्या कापसाच्या काड्यांचा डबा माझ्या दाराशी आणून ठेवला.